परदेशातून कायमचे परतल्यावर मायदेशी पुन्हा रुळताना

परदेशी जायचे ठरले की माणूस महिनोन्‌महिने तयारी करतो. तिथले हवामान, घरभाडे, दवाखान्याची पद्धत, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, इथपर्यंत त्याची चौकशी जाते. परतताना मात्र सामान पाठवणे आणि तिकीट काढणे एवढ्यालाच तो तयारी समजतो, कारण ज्या ठिकाणी चाललो आहोत ते आपल्याला ठाऊकच आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. परतल्यानंतरच्या बहुतेक अडचणी या एका गृहीतकातून उगवतात. म्हणून पुढच्या सर्व सूचनांमागचे धोरण एकच आहे: परतणे हेही स्थलांतरच समजावे, आणि जाताना केली होती तेवढीच चौकशी येतानाही करावी.

ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले विचारवंत आल्फ्रेड शुत्झ यांनी १९४५ साली, म्हणजे युद्धावरचे सैनिक घरी परतत होते त्या सुमारास, या अवस्थेचे नेमके वर्णन केले. परक्या समाजात शिरणाऱ्याला सगळे अनोळखी असणार हे आधीच माहीत असते. घरी येणारा मात्र ओळखीच्या जगात पाऊल ठेवतो आहोत अशा भरवशाने येतो, आणि मधल्या काळात घरही बदललेले असते व तो स्वतःही. पुढे १९५५ मध्ये नॉर्वेचे स्वेरे लिसगोर यांनी, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अभ्यासावरून, परदेशातील जुळवून घेण्याचा आलेख आधी उतरतो आणि मग चढतो असे मांडले. १९६३ मध्ये गलाहॉर्न पती-पत्नींनी त्याला परतीचा टप्पा जोडला: मायदेशी आल्यावर तोच उतार आणि तोच चढ पुन्हा एकदा येतो. नंतरच्या संशोधकांनी हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही असे दाखवले आहे, आणि ते खरेही आहे. काहींना सुरुवातीचा आनंद वाट्यालाच येत नाही, तर काहींना उतार जाणवतही नाही. तेव्हा तो वेळापत्रक म्हणून वाचू नये. परतल्यानंतर तीन-चार महिन्यांनी, म्हणजे भेटीगाठी संपून रोजचे जीवन सुरू झाल्यावर, मन उतरले तर ते कृतघ्नपणाचे किंवा चुकलेल्या निर्णयाचे लक्षण नव्हे, एवढे त्यातून घ्यावे.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

जे काम तिथे असताना अर्ध्या तासात होते, त्यालाच परतल्यावर पत्रव्यवहारात महिने लागतात. नोकरीचे अनुभवपत्र, वेतनाचे दाखले, कर भरल्याची विवरणपत्रे, विद्यापीठाची गुणपत्रके, मुलांच्या शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, वाहनविम्यावर दावा केला नसल्याचे पत्र आणि पोलिसांकडील चारित्र्य-दाखला ही सगळी कागदपत्रे निघण्यापूर्वीच हाती घ्यावीत. ज्या कागदांचा उपयोग सरकारी कामासाठी होणार आहे, त्यांवर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद दुसऱ्या देशातही अस्सल मानला जावा यासाठीचा, शिक्का लागतो का, हे आधी पाहावे. १९६१ च्या हेग कराराने ठरवून दिलेली ही पद्धत सदस्य देशांमध्ये चालते; दोहोंपैकी एखादा देश त्या करारात नसेल तर वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. यातले काहीही दूरवरून करता येत नाही असे नाही, पण त्यासाठी तिथे आपले काम करणारा विश्वासू माणूस लागतो आणि असा माणूस प्रत्येकाकडे नसतो.

मोबाइल क्रमांक हा कागदपत्रांइतकाच महत्त्वाचा आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बँक, निवृत्तिवेतन निधी, कर खाते आणि विमा कंपनी या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असतात. क्रमांक बंद केल्यावर तो बदलून घ्यायचा झाल्यास, बदलाची खातरजमा करण्यासाठी येणारा ओटीपीही त्या बंद क्रमांकावरच जातो आणि माणूस त्या चक्रात अडकतो. त्यामुळे सर्व ठिकाणी नवा क्रमांक किंवा ओटीपी मिळवण्याचा दुसरा मार्ग नोंदवून झाल्यावरच जुना क्रमांक सोडावा. बँकेचे एक खातेही घराची अनामत रक्कम, शेवटचा पगार आणि कराचा परतावा जमा होईपर्यंत चालू राहू द्यावे. मात्र आपण देश सोडला हे बँकेला कळवावे, कारण रहिवास बदलल्याची माहिती न देणे पुढे महागात पडू शकते.

कराच्या बाबतीत परतण्याची तारीखच महत्त्वाची असते. पुष्कळ देशांत वर्षातून १८३ दिवस किंवा अधिक राहिलेल्या व्यक्तीला करासाठी रहिवासी मानण्याचा निकष आहे, पण तो एकमेव निकष नसतो आणि प्रत्येक देशाचे आर्थिक वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. परिणामी एकाच वर्षात दोन्ही देशांनी आपल्याला रहिवासी मानण्याचा प्रसंग येऊ शकतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार अशा वेळी उपयोगी पडतात, परंतु त्यांचा लाभ आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो आणि त्यासाठी रहिवासाचा दाखला जोडावा लागतो. निवृत्तिवेतनाबाबतही तसेच आहे. काही देशांमध्ये परस्पर करार असतात, त्यामुळे दोन्हीकडील अंशदानाची वर्षे पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात. असा करार असताना घाईने सगळी रक्कम काढून घेतली तर ती वर्षे हातची जातात. तिकीट काढण्यापूर्वीच दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या करसल्लागाराला एकदा भेटावे. माझ्या मते परतीच्या सर्व खर्चांपैकी हा खर्च सर्वांत लवकर वसूल होतो.

औषधे आणि तब्येत

नियमित औषध घेणाऱ्यांनी खोक्यावरचे ठळक अक्षरांतले नाव बाजूला ठेवून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. व्यापारी नावे देशागणिक बदलतात. मूळ नावे मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५३ पासून चालत आलेल्या याद्यांमुळे बहुतेक ठिकाणी सारखी असतात. बहुतेक म्हणण्याचे कारण असे की काही ठळक अपवाद आहेत: जगभर ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, आणि दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल या नावाने मिळते. एकाच औषधाची अशी दोन नावे ही दोन निराळी औषधे आहेत असे समजून दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात दुप्पट मात्रा जाते, म्हणून हा तपशील किरकोळ मानू नये.

तपासण्यांच्या अहवालांत एककांचा घोटाळा होतो. रक्तातील साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काहींत मिलिमोल प्रति लिटरमध्ये लिहितात. एकातला १२६ हा आकडा दुसऱ्यात ७ होतो. जुने अहवाल नव्या डॉक्टरांसमोर ठेवताना एकक दाखवून द्यावे. याशिवाय, ज्या प्रदेशात मलेरिया आढळतो तिथले लोक दीर्घकाळ बाहेर राहून परतले की लहानपणापासून मिळालेली अंशतः प्रतिकारशक्ती ओसरलेली असते. "आम्ही इथेच वाढलो, आम्हाला काही होत नाही" हा आत्मविश्वास अशा वेळी धोक्याचा ठरतो. पाण्याच्या बाबतीतही पहिले काही आठवडे पाहुण्याइतकीच काळजी घ्यावी, मग घरचे हसले तरी चालेल.

पहिले काही आठवडे

प्रवासाचा थकवा आणि कालफरक यांचा अंदाज आधीच बांधून ठेवावा. शरीराचे घड्याळ साधारणपणे दर तासाच्या फरकाला एक दिवस या गतीने सरकते, आणि ते स्वभावतः चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्याने पूर्वेकडे येणाऱ्याला जास्त त्रास होतो. आठ तासांचा फरक असेल तर पहिल्या आठवड्यात कोणतीही महत्त्वाची मुलाखत, व्यवहार किंवा कौटुंबिक वाटाघाट ठेवू नये. पहाटे तीनला टक्क जागे असताना मनात येणारे "आपण चूक तर केली नाही ना" हे विचार बहुधा झोपेच्या अभावातून आलेले असतात. त्यांच्यावर त्या वेळी निर्णय घेऊ नयेत.

वाहने रस्त्याच्या ज्या बाजूने चालतात ती बाजू दोन्ही देशांत वेगळी असेल, तर सर्वाधिक सावधगिरी रस्त्यावरच लागते. जगातील सुमारे एक तृतीयांश लोक डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांत राहतात, त्यामुळे हा बदल पुष्कळांच्या वाट्याला येतो. भर गर्दीत चूक सहसा होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर, वाहनतळातून बाहेर पडताना किंवा पेट्रोल भरून वळताना, जेव्हा अनुसरण करायला समोर कोणी नसते आणि हात जुन्या सवयीने चाक फिरवतात. पायी चालणाऱ्याचे तर याहून कठीण. फुटपाथच्या कडेला उभा राहून तो आधी मान वळवतो ती ज्या बाजूने गाडी येणार नाही त्या बाजूला, रस्ता रिकामा दिसतो, पाऊल पडते आणि हॉर्न दुसऱ्याच कानाशी वाजतो. पहिला महिनाभर रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना दोनदा पाहण्याची लहान मुलांची शिस्त स्वतःला लावून घ्यावी आणि वाहन चालवण्यास सुरुवात करताना शेजारी स्थानिक सवयीचा माणूस बसवावा.

विजेच्या उपकरणांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, ते चालतात. केस वाळवण्याची यंत्रे, इस्त्री आणि स्वयंपाकघरातली मोटर असलेली उपकरणे एकाच व्होल्टेजची असतील तर ती आणण्यापेक्षा तिथेच विकून टाकावीत.

सरकारी आणि बँकेच्या कामांसाठी पहिल्याच आठवड्यात सविस्तर यादी करावी: ओळखपत्रावरील पत्ता, रहिवासी म्हणून बँक खात्याचा बदललेला प्रकार, वाहन परवाना, आरोग्य विमा आणि त्यातील प्रतीक्षाकाळ. आपण गेलो तेव्हा जी कामे खिडकीवर व्हायची ती आता फोनवर होत असतील, किंवा उलट. त्यामुळे "मला माहीत आहे" असे म्हणण्याआधी एखाद्या तरुण नातेवाइकाला शेजारी बसवून सध्याची पद्धत शिकून घ्यावी. परदेशात आपण हे निःसंकोच विचारत होतो, कारण तिथे अज्ञान माफ असते. इथे ते माफ नसते. आपण इथलेच असल्याने आपल्याला यायलाच हवे असे खिडकीमागच्या माणसाला वाटते. अशा वेळी "मी बरीच वर्षे बाहेर होतो, मला हे समजावून सांगाल का" हे वाक्य सुरुवातीलाच उच्चारल्यास कपाळावरच्या आठ्या निम्म्याने कमी होतात.

माणसांत परत मिसळणे

इथेच खरा वेळ लागतो आणि इथेच माणसे सर्वांत जास्त दुखावली जातात. परतलेल्याला वाटते की इतकी वर्षे पाहिले-सोसले ते सगळे आता निवांत सांगता येईल. प्रत्यक्षात "मग, कसं होतं तिकडे?" हा प्रश्न येतो, तो उत्तर द्यायला तोंड उघडतो, आणि दोन मिनिटांत बोलणे घरातल्या लग्नाकडे किंवा गल्लीतल्या बांधकामाकडे वळलेले असते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्या गावाची, ज्या माणसांची नावे ऐकणाऱ्याने कधी ऐकलेली नाहीत, त्यांच्या गोष्टीत त्याने किती वेळ रस घ्यावा? म्हणून या प्रश्नाची दोन उत्तरे मनात तयार ठेवावीत. एक तीन वाक्यांचे, सर्वांसाठी; आणि एक लांबलचक, ज्याला खरोखर ऐकायचे आहे अशा एक-दोघांसाठी. ते एक-दोघे बहुधा स्वतः परदेशातून परतलेले असतात, आणि त्यांना शोधून काढणे हे पहिल्या दोन महिन्यांतले महत्त्वाचे काम समजावे.

त्याच्या उलट बाजूकडे आपले लक्ष कमी जाते. आपण नसताना इथल्यांच्या आयुष्यातही घडामोडी झाल्या: आजारपणे निघाली, नोकऱ्या गेल्या, भांडणे मिटली, काही माणसे गेली. आपल्याला त्या फोनवर दोन ओळींत कळल्या होत्या. परतल्यावर प्रत्येक जवळच्या व्यक्तीकडे मुद्दाम बसून "त्या काळात नेमके काय झाले ते मला नीट सांग" असे विचारावे आणि मध्ये आपला अनुभव न घालता ऐकावे. आजारपणात रात्री कोण जागले, खर्च कोणी उचलला, कोणी कोणाशी बोलणे टाकले, हे समजल्याशिवाय घरातल्या आजच्या बोलण्याचे अर्थ लागत नाहीत. आपल्या गैरहजेरीत आई-वडिलांचे सारे करणाऱ्या भावाला किंवा बहिणीला, आपण आल्याबरोबर सूचना देऊ लागलो तर राग येणारच. त्या घरात काही महिने तरी निर्णय त्यांचा आणि मदत आपली, असे धोरण ठेवावे.

"तिकडे असं नसतं" हे वाक्य पहिले वर्षभर तोंडातून काढू नये. ते खरे असते म्हणूनच ते जास्त बोचते. ऐकणाऱ्याला त्यात त्याच्या सबंध जगण्याचा कमीपणा ऐकू येतो, आणि त्यानंतर आपण सुचवलेली चांगली गोष्टही परदेशी शहाणपणाच्या खात्यात जमा होते. एखादी पद्धत खरोखर आणावीशी वाटत असेल तर देशाचे नाव न घेता ती स्वतः करून दाखवावी. तक्रार मनात साचत असेल तर ती वहीत लिहावी किंवा सोबत परतलेल्या जोडीदाराशी बोलावी. मात्र रोज रात्री दोघांनी बसून इथल्या उणिवा मोजण्याचा परिपाठ पडू देऊ नये, कारण त्याने मन हलके होण्याऐवजी घट्ट होत जाते.

पैशाच्या अपेक्षा लवकर स्पष्ट कराव्यात. परदेशातून आलेला माणूस श्रीमंत असतो ही समजूत जगाच्या पाठीवर कुठेही सापडते, आणि पहिल्या उत्साहात केलेली मदत पुढे हक्क बनते. वर्षभरात इतरांसाठी किती रक्कम बाजूला काढता येईल हे आधी ठरवून, त्यापलीकडे शांतपणे नकार द्यावा.

कामाच्या ठिकाणी

परदेशी अनुभवाचे मोल आपल्याला वाटते तितके आपोआप होत नाही. "मी अमुक देशात दहा वर्षे होतो" यापेक्षा "मी अमुक प्रकारचे काम इतक्या माणसांच्या गटाकडून करून घेतले" हे सांगितल्यास समोरच्याला त्याचा उपयोग दिसतो. पहिल्या तिमाहीत निर्णय बैठकीत होतो की बैठकीआधी, वरिष्ठांचे मत सर्वांसमोर खोडून काढणे चालते का, "बघतो" याचा अर्थ होकार की नकार, एवढे टिपत राहावे आणि सुधारणा सुचवण्याची घाई करू नये.

मुलांचे परतणे

परदेशात जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मुलासाठी हे परतणे नसतेच. ते घर सोडून परक्या देशात आलेले असते, आणि भोवतालचे सगळे त्याला "आता घरी आलास" असे सांगत असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात परदेशी राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करताना, आई-वडिलांची संस्कृती आणि राहत्या देशाची संस्कृती यांच्या मधल्या जागेत वाढणाऱ्या अशा मुलांना तिसऱ्या संस्कृतीची मुले म्हटले. त्या मुलांच्या दुःखाला दुःख म्हणू द्यावे. मागे राहिलेल्या मित्राशी आठवड्यातून एकदा, कालफरक पाहून ठरवलेल्या वेळी, बोलण्याची सोय करून द्यावी आणि ती वेळ पाहुणे आले म्हणून मोडू नये. शाळा शक्यतो वर्षाच्या सुरुवातीला सुरू करावी, आणि प्रवेशापूर्वी शिक्षकांना सांगावे की मूल बोलते तितके अस्खलित लिहू शकत नाही. घरात बोलली जाणारी भाषा ओघवती असली तरी इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लागणारी भाषा निराळी असते, आणि हे न कळल्याने हुशार मूल पहिल्या चाचणीत मंद ठरवले जाते.

परदेशात कमावलेली भाषा मात्र टिकवावी लागते. लहान वयात शिकलेली भाषा वापर थांबला की आश्चर्य वाटेल इतक्या वेगाने विरते. मुलाला चार पाहुण्यांसमोर ती बोलून दाखवायला लावणे हा टिकवण्याचा मार्ग नाही. त्या भाषेतली पुस्तके, खेळ आणि एखादा बोलणारा सवंगडी हा आहे.

निर्णय पक्का करण्यापूर्वी

दोघांपैकी एकाला परतायचे होते आणि दुसरा केवळ राजी झाला होता, अशी स्थिती असेल तर अवघड प्रसंगी "तुझ्यामुळे आलो" हे वाक्य येते. त्याची वाट न पाहता, किती काळानंतर आपण दोघे बसून या निर्णयाचा आढावा घेणार आहोत, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. बारा ते अठरा महिन्यांचा अवधी मला रास्त वाटतो. तोपर्यंत घर विकत घेणे, जमापुंजी व्यवसायात घालणे किंवा तडकाफडकी पुन्हा परदेशी नोकरी शोधणे, ही तिन्ही पावले लांबणीवर टाकावीत आणि भाड्याच्या घरात राहावे. मात्र झोप, भूक किंवा कामातले लक्ष सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेले असेल, कशातच रस वाटत नसेल, तर परतीची हुरहुर म्हणून ते सोडून न देता डॉक्टरांना भेटावे.

आढाव्यापर्यंत मागचे दार उघडे आहे की नाही, हेही कागदावर तपासून घ्यावे. पुष्कळ देशांत कायम रहिवासाचा परवाना ठराविक काळ बाहेर राहिल्यावर आपोआप किंवा चौकशीअंती रद्द होतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्याने एक वर्ष किंवा अधिक बाहेर राहायचे असेल तर देश सोडण्यापूर्वीच पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो परवाना सहसा जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. युरोपीय संघाचा दीर्घकालीन रहिवासी दर्जा सलग बारा महिने संघाबाहेर राहिल्यास साधारणपणे जातो. आपल्या परवान्याची अशी तारीख कोणती, ती शोधून दिनदर्शिकेत लिहावी आणि आढाव्याची तारीख, गरज पडल्यास बारा महिन्यांच्या आत आणूनही, तिच्या किमान तीन महिने आधीची ठेवावी.